आधी बूड बघा

(टेबल लॅम्पचा उजेड. फुलदाणी उलटी धरलेले हात.)

फुलदाणी उलटी धरलीय ती चुकून नाही. हे बूड नीट बघा, कॅमेरा अजून जवळ जातोय. मधे आर आणि पी, पाठीला पाठ लावल्यासारखे, आर उलटा. भोवती छोट्या छोट्या ज्वाळा. आता मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन... आठ. आठ ज्वाळा म्हणजे १८९४. हिशोब सोपा आहे, रुकवुड या अमेरिकेतल्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचा हा शिक्का १८८६ चा, तेव्हा ज्वाळा नव्हत्या, १८८७ ला एक आली आणि मग दरवर्षी एकेक वाढत गेली, १९०० पर्यंत १४ झाल्या, आणखी ज्वाळांना जागा कुठे, मग १९०१ पासून खाली रोमन आकडा सुरू केला. म्हणजे तारीख लिहिलेला कागद हरवला तरी चालेल, मातीच सांगते.

ज्वाळांच्या खाली नंबर आहे, तो आकाराचा. नंबरच्या शेजारी अक्षर असलं तर ते साइझचं. आणि त्याच्याही खाली, अगदी कडेला, टोकदार काहीतरी घेऊन कोरलेली दोन-तीन अक्षरं. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची जागा हीच, कारण ज्याने किंवा जिने ही फुलं रंगवली त्या माणसाची ती सही आहे. कारखान्यात पगारावर काम करणारा माणूस, आणि त्याची सही मालावर!

(माउंट अ‍ॅडम्सची टेकडी. लाकडी पट्ट्यांची जुनी इमारत.)

हे सिनसिनाटी, ओहायो नदीच्या काठावरचं शहर. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे जपानची भांडी बघून मारिया लाँगवर्थ निकोल्स ही इथली श्रीमंत घरातली बाई भारावून गेली, आणि १८८० मध्ये वडिलांनी घेऊन दिलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत तिने स्वतःची पॉटरी सुरू केली. वडिलांच्या इस्टेटीचं नाव रुकवुड, तेच कारखान्याला दिलं. पहिली भट्टी उघडली ती त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाला. टेकडीवरच्या या इमारतीत काम आलं १८९२ मध्ये. कारखाना गेल्यावर इथे बरीच वर्षं रेस्टॉरंट चाललं, भट्ट्यांच्या गोल पोटात टेबलं मांडून लोक जेवायचे.

(म्युझियमची काच. तपकिरी-पिवळ्या फुलदाण्यांवरून हळू सरकणारा कॅमेरा.)

सिनसिनाटी आर्ट म्युझियममधला हा रंग बघा, गुळाच्या पाकासारखा. याला स्टँडर्ड ग्लेझ म्हणतात, ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर. आणि ही फुलं ग्लेझच्या वर नाहीत, खाली आहेत. कच्चं भांडं अजून ओलसर असतानाच त्यावर स्लिपने रंगवायचं, स्लिप म्हणजे पाण्यात पातळ कालवलेली रंगीत माती. थरावर थर, पण इतके पातळ की बोट फिरवलं तर जेमतेम लागावेत. मागचा गडद ते फिकट होत जाणारा रंग ब्रशने नीट जमेना, पट्टे दिसायचे, तेव्हा लॉरा फ्राय या तिथल्याच कलाकार बाईने तोंडाने फुंकायच्या फवारणीने स्लिप उडवायला सुरुवात केली आणि बघा, एक रंग दुसऱ्यात कसा विरघळलाय. १८८९ मध्ये तिने पेटंटही घेतलं. पुढे त्यावरून कोर्टात रुकवुडशी भांडली आणि हरली, पण आज इथे ज्या ज्या फुलदाणीसमोर माणसं थांबतायत तिच्यामागे लॉराची फुंकर आहे असंच मला वाटतं. रंगवून झालं की वाळवायचं, एकदा भाजायचं, मग वरून ग्लेझ आणि परत भट्टी. भट्टीत काय होईल याची खात्री कुणालाच नसायची.

(क्लोज-अप. बुडावर जपानी अक्षरं.)

ही सही कातारो शिरायामादानी यांची. जपानहून आले, १८८७ मध्ये रुकवुडमध्ये लागले, मधे काही वर्षं परत जपानला गेले होते ती सोडली तर १९४८ मध्ये निधन होईपर्यंत इथेच रंगवत राहिले. सही जपानी अक्षरांत. १८८९ ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रुकवुडला सुवर्णपदक मिळालं.

(शनिवार सकाळ. इस्टेट सेल. गॅरेजमध्ये मांडलेलं सामान.)

घरातलं म्हातारं माणूस गेलं की इकडे घरातच सगळं मांडून विकतात, चमच्यांपासून सोफ्यापर्यंत. गोळा करणारे सकाळी सकाळी रांगेत उभे. खिशात काय, तर एक भिंग आणि एक छोटा ब्लॅकलाइट, कारण जुनी दुरुस्ती साध्या उजेडात दिसत नाही, त्या जांभळ्या उजेडात वेगळी चमकते. आणि वाजवून बघणं तर आपल्याला कुणी शिकवायला नको, माठ घेताना आपली आजी टिचकी मारून बघायचीच की. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. ग्लेझमधली बारीक जाळी मात्र वेगळी, तिला क्रेझिंग म्हणतात, शंभर वर्षांच्या भांड्यावर ती असणारच, तिला घाबरू नका. बुडावर घासायच्या चाकाने ओढलेली फुली दिसली तर तो कारखान्यानेच सेकंड, म्हणजे थोडा दोष असलेला, ठरवलेला माल. लोक नाक मुरडतात. मी म्हणते घ्या, सही तीच आहे ना.

रोजव्हिल ही दुसरी पॉटरीही दिसेल, तीही ओहायो राज्यातलीच, पण झेन्सव्हिल गावची, साच्यातली. १९९० च्या दशकापासून तिच्या चिनी नकला बाजारात आल्यात. नावाखाली यूएसए नसेल तर जपून.

(गॅरेजचा कोपरा. धूळ बसलेला टेबल लॅम्प, शेड वाकडी.)

आणि इथे थांबा. हा लॅम्प नाही, ही रुकवुडची फुलदाणी आहे. एकेकाळी फॅशन होती, घरात बरी फुलदाणी असली की बुडाला ड्रिलने भोक पाडायचं, वायर ओवायची, वर शेड बसवायची. कारखाना स्वतःसुद्धा लॅम्प बनवायचा, पण ते भोक भाजण्याआधीचं, त्याची कड गुळगुळीत लागते. हे बघा, इथे कड खरखरीत आहे, आतली माती उघडी पडलीय. आणि ड्रिल नेमकं बुडाच्या मध्यावर लावतात, म्हणजे शिक्क्यावरच. अशी फुलदाणी तुमच्या घरी, मित्राकडे, कुठेही असली तरी कृपा करून भोक पाडू देऊ नका, दिवा हवा तर दुकानात मिळतो.

लॅम्पला किंमत लावली होती ४० डॉलर. मी घेतला.

(युनियन टर्मिनल या सिनसिनाटीच्या रेल्वे स्टेशनमधलं रुकवुडच्या टाइल्सचं टी रूम. काही सेकंद फक्त भिंती.)

मंदी आली, १९४१ ला दिवाळं निघालं, १९६० मध्ये कारखाना मिसिसिपीला हलवला, १९६७ ला बंद. पुढे या शतकात नाव परत सिनसिनाटीला आलं, आता भट्ट्या पुन्हा चालू आहेत.

(परत तेच टेबल. पाच फुलदाण्या, सगळ्या उलट्या.)

आता डावीकडून. पहिली आपली १८९४ ची. दुसऱ्या बुडावर १४ ज्वाळा आणि खाली रोमन चार, म्हणजे १९०४. तिसऱ्यावर ई.टी.एच., एडवर्ड टी. हर्ली, संध्याकाळची झाडं आणि पाणी रंगवणारे. चौथीवर फुली. पाचवी ती लॅम्पवाली, वायर काढून कोमट पाण्याने धुतलेली. आर-पी गेलंय. कडेच्या पाच ज्वाळा उरल्यात, बाकीच्या भोकात गेल्या, त्यामुळे वर्ष लागत नाही. सहीतल्या एका अक्षराचा फक्त पाय शिल्लक आहे. मी तिला सरळ करते, पुढच्या बाजूला पांढरे डॅफोडिल्स आहेत, तीन.