शिंपल्यांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. अकरावीच्या मुलांनो, आज वही-पेन घेऊनच बसा.

म्हापशाच्या बाजारात नारळ नगावर मिळतो आणि मीठ वजनावर. मिठाचे कण कोण मोजत बसणार? रसायनशास्त्राची अडचण नेमकी हीच. अभिक्रिया होते ती कणाला कण भेटून, म्हणजे हिशेब नगांचा. आणि प्रयोगशाळेत आपल्या हाताशी असतो तो तराजू. या दोघांची सांगड घालतो मोल. डझन म्हटलं की 12, तसं मोल म्हटलं की 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात इतके कण. 20 मे 2019 पासून मोलाची व्याख्याच या संख्येवर बेतलेली आहे.

आता मीठ घ्या. सोडियमचं अणुवस्तुमान 23, क्लोरीनचं 35.5, बेरीज 58.5. तेवढे ग्रॅम घेतले की त्यात बरोबर एक मोल. म्हणून 58.5 ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. चमचाभर, म्हणजे 5.85 ग्रॅम घेतलं तर? 58.5 ने भागा: 0.1 मोल. उलट मोलावरून ग्रॅमवर यायचं तर गुणा. मात्र आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ घेतलंत तर जपून. ते ओलसर असतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. तराजूवरचं सगळं वजन सोडियम क्लोराइडचं नव्हे.

भागाकार-गुणाकार सगळ्यांना येतो. वह्या तपासताना मला चूक सापडते ती पुढच्या पायरीवर. तिसऱ्या नावाच्या मासळीचे शिंपले म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ते भट्टीत भाजून केलेल्या चुन्यानं आपल्याकडच्या कितीतरी जुन्या भिंती उभ्या आहेत. या भाजण्याच्या समीकरणात एका कार्बोनेटातून एक कळीचा चुना मिळतो, म्हणून मुलं बेधडक लिहितात: 250 ग्रॅममधून 250 ग्रॅम. अरे, ते एकास एक नगांचं आहे, ग्रॅमचं नाही! ग्रॅममधून थेट ग्रॅमवर उडी मारायचीच नाही. वाट मोलावरूनच जाते.

शिंपले शुद्ध कार्बोनेट आहेत असं धरू. त्याचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलाचे ग्रॅम, 100, म्हणून 250 ग्रॅम म्हणजे अडीच मोल. चुनाही अडीच मोल. त्याचं मोलर वस्तुमान 56. गुणा, 140 ग्रॅम.

मग 110 ग्रॅम गेले कुठे? भट्टीतून हवेत: कार्बन डायऑक्साइड, तोही अडीच मोल, मोलाला 44 ग्रॅम. करा गुणाकार.

नमस्कार.