ज्याच्याविषयी बोलायचे, तो समोर असावा

सन्माननीय अध्यक्ष आणि श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'धर्म, जात आणि जाहीर चर्चा' असा छापला आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. ज्या प्रश्नांवरून गावात तंटा होऊ शकतो, ते आपापल्या समाजाच्या बैठकीत किंवा आपापल्या व्हॉट्सॲप गटात बोलून सुटत नाहीत; ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस समोर बसलेला असताना, भर सभेत, ते बोलले गेले पाहिजेत.

सोलापूरला ही गोष्ट परकी नाही. शरण परंपरा, म्हणजे बसवेश्वर आणि त्यांच्या सहकारी संतांची परंपरा, सांगते की बाराव्या शतकात संत अल्लमप्रभू सोन्नलगीत, म्हणजे आपल्याच गावात आले, तेव्हा सिद्धरामेश्वरांच्या देखरेखीखाली तळ्याचे काम चालू होते. अल्लमप्रभूंनी सिद्धरामांना 'ओड्ड', म्हणजे वडार, दगडमाती उपसणारा, असे संबोधले आणि तळी-देवळे बांधून आत्मज्ञान होते काय, असा प्रश्न केला. कामावरच्या माणसांना आपल्या गुरूचा तो अपमान सोसला नाही आणि त्यांनी दगड उचलले. (वडार समाज या शहरात आजही मोठा आहे, आणि त्यांच्या श्रमाचे नाव या कथेत हिणवण्यासाठी आले आहे, हेही आपण उघडपणे म्हटले पाहिजे.) सिद्धराम मात्र पाहुण्याशी बोलायला बसले, त्यांचा वाद झाला आणि म्हणणे पटल्यावर ते त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले. तिथल्या अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र बसत, आणि तरुण संत कवयित्री अक्कमहादेवीलाही सर्वांसमक्ष कठोर प्रश्न विचारले गेले व तिने त्यांची उत्तरे दिली. पुढे ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचा विवाह झाला, त्यावरून कल्याणचा राजा बिज्जळ याने दोघांच्या पित्यांना देहान्त शासन दिले आणि कल्याणात रक्तपात झाला, असे परंपरा सांगते. मोकळ्या चर्चेने संकट ओढवले, असा अर्थ काही जण यातून काढतात. मला तो मान्य नाही. मंटपात बसलेल्यांनी एकमेकांवर शस्त्र उचलले नव्हते; ते उचलले सिंहासनाने.

मराठीतही हा धागा आहे. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात एक हिंदू आणि एक तुर्क यांचा वाद रचला. त्यात दोघे परस्परांच्या श्रद्धांवर अतिशय बोचरे आक्षेप घेतात, आज एखाद्या व्यासपीठावर उच्चारता येणार नाहीत असे, आणि ते सगळे बोलून झाल्यावरच त्यांचा समेट होतो.

आता मी एक तक्रार मांडणार आहे, आणि ती थोडी सविस्तर मांडणार आहे. काही वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका संस्थेने मला परिसंवादाचे सूत्रसंचालन करण्यास बोलावले होते. विषय ठरला होता 'भाड्याचे घर आणि आडनाव'. मुस्लिम आणि दलित कुटुंबांना विशिष्ट वस्त्यांत घर का मिळत नाही, यावर ज्यांना नकार मिळाला ते आणि ज्यांनी नकार दिला ते, असे दोन्ही बाजूंचे लोक बोलणार होते. दोन घरमालकांनी जाहीरपणे बोलण्याचे कबूल केले होते, आणि त्यांच्या या धैर्याचे मला आजही कौतुक वाटते. सभेच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की विषय नाजूक आहे, सणांचे दिवस आहेत, तेव्हा आपण 'राष्ट्रीय एकात्मता' यावर बोलू. सभा झाली. प्रत्येक वक्त्याने चार हुतात्म्यांची नावे घेतली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1930 साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला एकत्र फासावर गेलेल्या त्या चौघांविषयी मला अपार आदर आहे. म्हणूनच, जिवंत माणसाचा प्रश्न टाळण्यासाठी त्यांची नावे वापरली जातात याचा मला संताप येतो.

सभा संपल्यावर बाहेर चहाच्या गाडीपाशी एक शिक्षिका भेटल्या. त्या म्हणाल्या, "सर, फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितलं की ती कालच गेलेली असते." शेजारीच कार्यक्रमाला आलेले एक घरमालक उभे होते. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "ताई, मी दिली असती, पण वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून जातील, अशी भीती वाटते." मग मांसाहाराचा मुद्दा निघाला, मग पाण्याच्या टाकीचा, मग मुलीच्या लग्नात लोक काय म्हणतील याचा. कोणाचाही आवाज चढला नाही. सभागृहाला जे पेलणार नाही असे आयोजकांनी ठरवले होते, ते चहाच्या गाडीने सहज पेलले. माझा आग्रह एवढाच आहे की हेच बोलणे ध्वनिक्षेपकावरून झाले असते, तर त्या घरमालकाला ऐकणारे वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही सभेत बसलेले असते.

शांततेसाठी मौन हवे, असे मानणारे सिंगापूरचे उदाहरण देतात. तिथे 21 जुलै 1964 रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत मलय आणि चिनी समाजांत दंगल उसळली. 1989 साली सरकारी वसाहतींत वंशनिहाय प्रमाण ठरवून देण्यात आले आणि 1990 साली धार्मिक सलोख्याचा कायदा झाला, ज्यानुसार धर्मगुरूंच्या वक्तव्यांवरही मनाई करता येते. घरांचा नियम मला विचार करण्यासारखा वाटतो, मात्र त्यामुळे अल्पसंख्याकाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते, अशी तक्रार तिथेही आहे. बोलण्यावरचा अंकुश मात्र आपण उसना घेऊ नये.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे ज्यासाठी आलो ते आता घाईने सांगावे लागेल. चर्चेचा विषय नेमका हवा. 'सहिष्णुता' या विषयावर कोणी काहीही बोलू शकतो, पण खोली का नाकारली यावर उत्तरच द्यावे लागते. ज्याला झळ बसली त्याने आधी बोलावे आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला त्याच सभेत पूर्ण वेळ मिळावा. कायद्याची भीती अवास्तव आहे. 1927 साली दंडविधानात आलेले आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 म्हणून असलेले कलम जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेल्या अपमानासाठी आहे; सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच हा फरक स्पष्ट केला आहे. प्रामाणिक प्रश्न हा गुन्हा नाही. उलट घरांच्या बाबतीत कायदा आपल्याला फार दूर नेत नाही, कारण 2005 साली त्याच न्यायालयाने एका समाजापुरत्या मर्यादित सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्वाचे नियम वैध मानले. जिथे कायदा थांबतो तिथे शेजाऱ्यांनाच बोलावे लागते. कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहत आहे, आणि त्यांतल्या पहिल्या 15,000 घरांचे वितरण जानेवारी 2024 मध्ये झाले. तिथे घर कामगार म्हणून मिळते. आडनाव बाजूला ठेवून शेजार कसा जमतो, हे तिथल्या विडी कामगार भगिनींना व्यासपीठावर बोलावून विचारण्याजोगे आहे.

व्याख्यानमालेच्या संयोजकांना माझी विनंती आहे की पुढील वर्षीची एक संध्याकाळ त्या रद्द झालेल्या परिसंवादाला द्यावी आणि विषय तोच, त्याच शब्दांत छापावा. आता प्रश्न विचारावेत. ज्यांची घरे भाड्याने आहेत, त्यांनी आधी हात वर करावा.