एलएलएमचा विषय शिरोलीच्या परचेस ऑर्डरमध्ये शोधा

नमस्कार. आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्यात एलएलएमचा प्रबंध करायचा ठरलाय आणि ‘भारत आणि व्हिएन्ना करार : एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गाईडकडे निघालाय? जरा थांबा. अशा शीर्षकावर शंभर पानं सहज भरतात, पण त्यात प्रश्नच नसतो, मग उत्तर कुठून येणार?

कोल्हापुरात राहून हा विषय करणाऱ्यांची खरं तर चंगळ आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग, परदेशात जातं. ओळखीच्या एखाद्या कारखान्याची निर्यातीची परचेस ऑर्डर मिळवा. लेखी परवानगी घ्या, नावं आणि दर झाका. दर-वजनाचं पान बाजूला ठेवा आणि मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा.

[स्क्रीनवर : ‘या कराराला जर्मन कायदा लागू राहील.’]

समजा, ही अट आहे. देशोदेशींच्या मालविक्रीला समान नियम देणाऱ्या १९८० च्या व्हिएन्ना विक्री कराराचा, म्हणजे सीआयएसजीचा, भारत सदस्य नाही. त्यामुळे तो इथं लागूच नाही असं अनेक जण लिहून मोकळे होतात, आणि तिथंच प्रबंध घसरतो. जर्मनी सदस्य आहे, म्हणजे सीआयएसजी हा जर्मन कायद्याचाच भाग. वाद जर्मन न्यायालयात गेला तर त्याच्या कलम १(१)(ब) मुळे सीआयएसजी लागू होतो. नको असेल तर कलम ६ चा आधार घेऊन ऑर्डरमध्येच स्पष्ट शब्दांत वगळायला हवा. नुसतं ‘जर्मन कायदा’ लिहून तो सहसा वगळला जात नाही.

आता माल पोहोचला. वरून एकदम स्वच्छ. मशिनिंगला लावल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूच्या पोकळ्या, निघाले. खरेदीदारानं कधी कळवायला हवं? सीआयएसजीचं कलम ३९ म्हणतं, दोष लक्षात आल्यापासून किंवा यायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, आणि काही झालं तरी माल ताब्यात आल्यापासून २ वर्षांच्या आत. चुकलं, तर कलम ४० आणि ४४ चे अपवाद सोडता तक्रारीचा हक्कच जातो. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात तसं नाही. कलम ४२ खाली माल स्वीकारल्याचं धरलं गेलं तर तो नाकारता येत नाही, पण कलम १३ आणि ५९ मुळे नुकसानभरपाई मागता येते. तोच माल, तोच उशीर, आणि निकाल वेगळा. मला विचाराल तर प्रबंध या फरकावरच उभा करा.

‘वाजवी’ म्हणजे किती? जर्मन निकालांमध्ये साधारण एका महिन्याची फूटपट्टी भेटते. ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तपासणी आणि कळवणं मिळून १४ दिवस धरलेत. नाशवंत मालाला याहून कमी. हे निकाल अनसिट्रालच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या, क्लाउट या निकालांच्या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतात. कलम क्रमांक आणि देश टाकून शोधा आणि एक तक्ता करा : माल कोणता, दोष उघड की छुपा, कधी कळला, कधी कळवला, निकाल काय. नीट वाचलेले पंचवीस निकाल पुरेत. फक्त एक जपा, क्लाउटवर असतो तो गोषवारा. तळटीप द्यायची ती मूळ निकाल किंवा त्याचा पूर्ण अनुवाद वाचूनच, कारण गोषवाऱ्यात तारखा गळतात आणि इथं सगळा खेळ तारखांचा आहे. भारतीय निकालांसाठी इंडियन कानून या संकेतस्थळावर मालविक्री कायद्याच्या कलम ४२ पासून सुरुवात करा.

ऑर्डरमध्ये लवादाची अट असेल तर लवादाचं स्थान आधी बघा. ते परदेशी लवादांचे निवाडे मान्य करण्याबद्दलच्या न्यूयॉर्क करारातल्या, भारतानं अधिसूचित केलेल्या देशात असेल, तर निवाड्याची इथली अंमलबजावणी १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४८ मधल्या मोजक्याच कारणांवर अडवता येते. यावर एकच प्रकरण लिहा. दुसरं लिहायला घेतलंत की ब्लोहोल मागं पडतात आणि गाईड नवीन शीर्षक मागतात.