ज्या बिडाला पृथ्वी ओढत नाही

(दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. फाउंड्रीच्या दारात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यांचा ढीग.)

यातला एक तुकडा घेऊ. एक किलोचा, आकारमान 140 घनसेंटीमीटरच्या आसपास. आता एकच गोष्ट मानून चालायचं: गुरुत्वाकर्षण या तुकड्याला लागू नाही. पृथ्वीचं नाही, सूर्याचंही नाही. बाकी सगळं जसंच्या तसं. चुंबकाला तो चिकटतो, आणि ढकलायला एक किलोच्या वस्तूला लागतो तेवढाच जोर लागतो. वजन गेलं तरी जडत्व जात नाही. पायावर पडणार नाही हे खरं, पण कुणी फेकून मारला तर टाळकं फुटायचं ते फुटेलच.

हातातून सोडला तर काय होईल? जागच्या जागी अधांतरी राहील, असं बहुतेकांना वाटतं. थोडं जास्त वाचलेले म्हणतात, पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर धावते, म्हणजे तुकडा गोळीसारखा मागे सुटेल. दोन्ही चूक. सोडतानाच तुकड्याकडे पृथ्वीचा तो वेग असतो. पृथ्वी वळत राहते, तुकडा सरळ जातो, फरक एवढाच.

बेळगावचा अक्षांश 15.85. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हे शहर ताशी सुमारे 1610 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतं, आणि तेही वर्तुळात. आपल्याला त्या वर्तुळावर धरून ठेवायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. तुकड्याला धरणारं कुणी नाही, म्हणून तो वर सरकताना दिसतो: पहिल्या सेकंदात जेमतेम दीड सेंटीमीटर, दहा सेकंदांत दीड मीटरहून थोडं जास्त. भोवतालची हवाही त्याला उचलते, पण 0.15 ग्रॅमइतकीच.

(दृश्य: बंद खोली. टेबलावर वजनकाटा, त्यावर 200 ग्रॅमचं पितळी वजन, वजनाला बांधलेला दोरा वर ताणलेला.)

मोजायचं कसं? शहापूरच्या सराफाकडे असतो तसा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर 200 ग्रॅमचं वजन ठेवा, वजनाला मीटरभर दोरा आणि दोऱ्याच्या वरच्या टोकाला आपला तुकडा. काटा 200 ऐवजी साधारण 196.6 दाखवेल. एक किलोचं बीड सव्वातीन-साडेतीन ग्रॅमच्या जोराने वर ओढतंय. जास्त नाही.

आता दोऱ्याकडे बघा. तो ओळंब्यात नाही, दक्षिणेला, खानापूरच्या बाजूला झुकलाय. झुकाव सुमारे 15 अंश. म्हणजे वरचं टोक 26 सेंटीमीटर बाजूला. कारण तुकडा पृथ्वीच्या केंद्रापासून दूर पळत नाही, अक्षापासून दूर पळतो. हवेची उचल काढून टाकली तर हा कोन थेट गावाचा अक्षांशच निघेल. उत्तरेकडच्या निपाणीत तो किंचित मोठा, विषुववृत्तावर शून्य.

खरी मजा सूर्यामुळे. पृथ्वी सूर्याकडे वळत राहते, तुकडा नाही. त्यामुळे तो कायम सूर्याच्या उलट दिशेला रेटला जातो. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असतात, त्या दिवसाचा हिशेब असा: दुपारी बाराला वरची ओढ 2.8 ग्रॅम, मध्यरात्री 3.9. सकाळी सूर्य पूर्वेला, तेव्हा दोऱ्याचं टोक पश्चिमेला 17 सेंटीमीटर सरकलेलं, संध्याकाळी तेवढंच पूर्वेला. चोवीस तासांत टोक एक फेरी पूर्ण करतं. म्हणून भिंत आणि कपाट दोऱ्यापासून निदान हातभर लांब हवं.

बिघडतं कुठे? पंखा पहिला शत्रू. सेकंदाला दोन मीटरची झुळूकसुद्धा या तुकड्याला 0.35 ग्रॅमचा धक्का देते. सूर्यामुळे ओढ सरासरीच्या वर-खाली 0.6 ग्रॅमनेच बदलते, त्यामुळे निम्मं मोजमाप तिथेच वाया. दुसरं, बीड लोखंडीच. जवळ मोटर किंवा स्पीकरचं चुंबक असेल तर झुकावाचा काही भरवसा नाही.

हा खेळ कल्पनेतला असला तरी शोध खरोखर घेतला गेलाय. हंगेरीच्या लोरांड ओत्वोशने 1889 साली पीळतुलेवर (बारीक तारेला आडवी दांडी टांगलेला, तारेच्या पिळावरून जोर मोजणारा तराजू) वेगवेगळे पदार्थ टांगून हाच प्रश्न विचारला: पृथ्वीची ओढ आणि फिरण्याचा रेटा यांचं प्रमाण पदार्थागणिक बदलतं का? दोन कोटींत एक इतकाही फरक निघाला नाही. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये सोनं आणि अॅल्युमिनियम घेऊन चोवीस तासांची ती फेरीच शोधली. दहा हजार कोटींत एक इतक्या बारकाईनेही काही सापडलं नाही. 2016 मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनम पडताना पाहिले. तिथे बारकाई एकावर पंधरा शून्यांच्या घरात. प्रतिद्रव्यावर, म्हणजे उलट विद्युतभाराच्या कणांनी बनलेल्या द्रव्यावर, थोडी आशा होती. 2023 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनही निमूटपणे खालीच पडला.

(दृश्य: मोकळं मैदान, दोरा कापला जातो.)

आपल्या तुकड्याचा दोरा कापू. हवेच्या विरोधामुळे चढण्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास अडकतो; पुढे हवा विरळ होईल तसा वाढतो. पहिले दहा किलोमीटर चढायला वीस-पंचवीस मिनिटं. आषाढात सोडला तर खालचा पश्चिमी वारा त्याला आधी पूर्वेला नेईल, आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर मान्सूनचा पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह (उंचावरचा वेगवान वारा) परत फिरवेल. कुठे जाईल हे वाऱ्याच्या हाती.

हवा आणि सूर्य दोन्ही बाजूला ठेवले तर हिशेब सोपा आहे. 42 मिनिटांत तो 100 किलोमीटर उंचीवर. तासाभरात 200 किलोमीटर, आणि खाली जमीन असेल ती बेळगावपासून 55 किलोमीटर दक्षिणेची, 36 किलोमीटर पश्चिमेची: मोलेच्या आसपास, गोव्याची हद्द.

त्यानंतर पृथ्वीशी त्याचा संबंध संपतो. सेकंदाला 30 किलोमीटर, सरळ रेषेत. दहा महिन्यांच्या आत गुरूची कक्षा ओलांडलेली. सूर्य मागे ओढत नाही, म्हणून वेग घटत नाही. सूर्यमालेबाहेर निघालेलं व्हॉयेजर 1 यान सध्या सेकंदाला 17 किलोमीटरने चाललंय.