एक वेढा, पस्तीस मिलिमीटर

[दृश्य: पाम बीच रोड, संध्याकाळ. जमिनीलगत बसलेली एक हॅचबॅक. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट.]

पाम बीच रोडवर अशी गाडी झोकात पळते. तीच सोसायटीच्या गेटात शिरताना तिरकी होते आणि एकेक चाक जपून चढवते. ठाणे-नवी मुंबईत गाडी खाली बसवायची, तर हे दोन्ही रस्ते हिशेबात धरावे लागतात.

लोअरिंग स्प्रिंगचा तयार संच खिशाला जड जातो, म्हणून पुष्कळ जण मूळ स्प्रिंगच कापून घेतात. ग्राइंडरची पातळ चकती शंभर रुपयांच्या आत मिळते. काम स्वस्त आहे, यात वाद नाही. ते धड होतं की नाही, हे मात्र चकती फिरण्याआधी घेतलेल्या मापांवर ठरतं.

[दृश्य: वागळे इस्टेटमधलं गॅरेज. सपाट फरशीवर उभी गाडी. चाकामागे वाकून स्प्रिंगला टेप लावलेला हात.]

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: एक वेढा कापला तर गाडी किती बसेल? याचं उत्तर गाडीखालीच सापडतं. गाडी चारही चाकांवर उभी असताना स्प्रिंगच्या शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर मोजा, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत. एक वेढा गेला की स्प्रिंग तेवढीच बुटकी होते. गाडीचं वजन तेच राहतं, त्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा आधीइतकाच दबतो. कमी होते ती फक्त कापलेल्या वेढ्याची जागा. पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांच्या उभ्या जोडीत, स्प्रिंग आणि चाक जवळजवळ सारखंच हलतात, म्हणून हे माप थेट लागू पडतं. मागे स्प्रिंग ॲक्सलच्या पुढे बसवलेली असेल, तर चाकापाशी फरक थोडा जास्त दिसतो.

हिशेबासाठी एक साधी हॅचबॅक धरू. पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो भार, पाच कामाचे (प्रत्यक्ष दबणारे) वेढे, आणि स्प्रिंग १ मिमी दाबायला २ किलो लागतात. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग १५० मिमी दबलेली असते. मोकळी लांबी (भार नसताना) ३५० मिमी, गाडीखाली दबल्यावर २००.

आता एक वेढा काढा. पाचाचे चार झाले, म्हणजे स्प्रिंग सव्वापट कडक झाली. दबायला वेढेच कमी उरतात, म्हणून कापलेली स्प्रिंग नेहमीच कडक होते. आता १ मिमीला अडीच किलो लागतात आणि स्प्रिंग १२० मिमी दबते. मोकळी लांबी २८५, गाडीखाली १६५. गाडी ३५ मिमी खाली आली.

इथवर सगळं ठीक वाटतं. खरी मेख स्ट्रट पूर्ण लांबल्यावर कळते.

[दृश्य: स्टँडवर उचललेली गाडी, लोंबकळणारं चाक. जवळून: वरच्या आणि खालच्या सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या बशांमध्ये, धरलेली स्प्रिंग.]

चाक हवेत लोंबकळतं तेव्हा शॉकअपची दांडी पूर्ण बाहेर येते. आपल्या गाडीत तेव्हा दोन सीटमध्ये २८० मिमी जागा असते. मूळ स्प्रिंग ३५० मिमीची, म्हणजे तेव्हाही ती ७० मिमी दबून घट्ट बसलेली. एक वेढा कापलेली २८५ ची स्प्रिंग अवघ्या ५ मिमीवर अडकून राहते. दोन वेढे कापले तर मोकळी लांबी २२० च्या आसपास येते, आणि स्प्रिंग ६० मिमी सैल होते. घोडबंदर रोडवर एका खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती सीटवरून सरकते, आणि चाक परत वर येताना वाकड्या जागी बसते. तिथून पुढे ती टायरला घासू शकते किंवा वरच्या माउंटचं बेअरिंग फोडू शकते.

म्हणून साध्या शॉकअपवर एका वेढ्यापुढे जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. तो एक वेढासुद्धा ही २८० ची जागा स्वतःच्या गाडीवर मोजूनच. जागा कापल्यानंतरच्या मोकळ्या लांबीपेक्षा जास्त भरली, तर कमी कापा.

सगळ्या स्प्रिंगा कापण्याजोग्या नसतात, हेही आधी बघा. ज्या टोकाचा वेढा आत वळून बारीक होतो, डुकराच्या शेपटीसारखा, ते टोक कापायचं नाही. कापल्यावर ते सीटच्या खाचेत बसणारच नाही. ज्या टोकाचा वेढा बाकीच्यांच्याच व्यासाचा असून सरळ संपतो, तेच कापता येतं.

अंगावरच्या स्प्रिंगला हात लावण्यापेक्षा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच मॉडेलची जोडी आणावी. कुर्ल्यापर्यंत गेलं तर निवड मिळते. स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके जुळवून घ्या, ते भाराचा वर्ग सांगतात. पेट्रोल आणि डिझेल गाडीची स्प्रिंग बहुधा वेगळी असते. गंजून खड्डे पडलेली तार घेऊ नका, भेग तिथूनच सुरू होते. मूळ जोडी पुसून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ती लागतेच.

[दृश्य: स्ट्रट बाकावर. दोन्ही बाजूंना समोरासमोर लावलेले स्प्रिंग कॉम्प्रेसर.]

चाक काढा, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर कधीच नाही. ब्रेकच्या पाइपची क्लिप, एबीएसची वायर, स्टॅबिलायझरची लिंक, नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट, आणि शेवटी वरच्या माउंटचे नट, या क्रमानं सोडवा. स्ट्रट हातात आला तरी मधल्या मोठ्या नटाला पाना लावायचा नाही. आत दबलेली स्प्रिंग आपल्या गाडीत १४० किलोनं ढकलत असते. कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखे आवळून स्प्रिंग सीटवरून सुटी झाली, की मगच तो नट.

कापायचं ग्राइंडरनंच, १ मिमीच्या चकतीनं. टोकापासून बरोबर एक पूर्ण फेरा मोजून चिकटपट्टी लावा आणि थांबत थांबत कापा. शेजारच्या वेढ्यावर ओलं फडकं ठेवा. टोकाशी तार थोडी निळी पडली तर बिघडत नाही, तो भाग सीटवर टेकून असतो. कापलेली कड घासा, झिंक प्रायमर आणि वर रंग द्या. खाडीकाठच्या दमट हवेत उघडं पोलाद एका पावसाळ्यात गंजतं.

गॅसच्या ज्योतीनं कापू नये, आणि तापवून स्प्रिंग खचवणं तर त्याहून वाईट. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ठरावीक तापमानाला पाणी दिलेलं असतं. लालभडक केलं की ते पाणी उतरतं. मधला एखादा वेढा मऊ पडतो आणि गाडी हळूहळू एका अंगाला कलते. स्प्रिंगवर क्लॅम्प आवळून वेढे बांधून ठेवणंही नको. क्लॅम्प सरकतो, आणि सरकला की एक बाजू अचानक उंच होते.

[दृश्य: स्प्रिंगशिवाय बसवलेला स्ट्रट. जॅकनं चाक वर जातंय, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत.]

जोडणीआधी ही चाचणी कराच. स्प्रिंग न घालता स्ट्रट बसवा, बंप स्टॉपला (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत चाक जॅकनं वर घ्या आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवा. टायर कुठे घासतो ते आत्ताच कळतं. वरच्या दिशेला आधी ८० मिमी चाल असेल तर आता ४५ उरली. खड्ड्यात ठक्क आवाज येतो तो बंप स्टॉपवर आपटण्याचा. त्याची एखादी कडी कापता येते, पण तो काढून टाकला तर शॉकअप आतून फुटतो.

लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या बीमचे (मागची चाकं जोडणाऱ्या तुळईचे) रबरी बुशांतले बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून नव्या उंचीला आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग गाडी थोडी पुढे-मागे ढकला आणि चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. अलाइनमेंट त्याच दिवशी. उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि टो चुकला तर टायर आतून खाल्ला जातो. हेडलाइटचा झोतही परत लावा. मागच्या ॲक्सलला ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह जोडलेला असेल, तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवा. नाहीतर रिकामी गाडी भरलेली समजून तो मागचा ब्रेक जास्त लावतो.

[दृश्य: सोसायटीचं गेट, आखूड रबरी गतिरोधक.]

गतिरोधकांचं गणित वेगळंच आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाचा उंचवटा गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २,४५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीची दोन्ही चाकं त्यावर असताना पोटाखाली साधारण ४५ मिमी जागा पुरते. त्रास होतो तो गल्लीबोळातल्या आखूड, उभ्या गतिरोधकांचा. तो दोन चाकांच्या मध्ये मावतो, आणि सगळी उंची पोटाला लागते. पोटाखाली १६५ मिमी जागा असलेली गाडी १३० वर आली, पाच माणसं आणि सामान भरल्यावर आणखी ३० मिमी बसली, की उरले १००. त्यात वर चढताना ब्रेक दाबला, तर नाक अजून खाली.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या.

[दृश्य: रात्र. गाडी पुन्हा स्टँडवर, लोंबकळणारं चाक.]

पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचला आणि स्प्रिंग हातानं फिरवून बघा. फिरली, तर माळ्यावरची जोडी काढा.