१४ बाय ७ बाय साडेतीन

(वडोदरा, दांडिया बाजार. एका जुन्या वाड्याचं अंगण. करवतीचा आवाज.)

या अंगणात खेळणी बनतायत. रंग नाही, चाकं नाहीत, सेल नाही. सागाचे साधे ठोकळे. लांबी १४ सेंटिमीटर, रुंदी ७, जाडी साडेतीन. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. हे प्रमाण न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी शंभरएक वर्षांपूर्वी रूढ केलं. जगभरच्या बालवाड्या अजून तेच वापरतात.

आता करवतीकडे बघा. १४चा ठोकळा मधोमध कापला तर दोन अर्धे मिळायला हवेत. मिळत नाहीत. पातं दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करून टाकतं. ते दोन तुकडे पूर्ण ठोकळ्याशेजारी ठेवले की तोकडे पडतात. म्हणून अर्धा ठोकळा लांब फळीतूनच वेगळा कापायचा, पूर्ण ७चा. टोकाला तो गुटका ठोकलाय ना, तो अडसर. फळी सरकवून त्याला टेकवली की माप आलं. दर वेळी टेप लावत बसलं तर दर वेळी केसभर फरक पडतो.

जाडीत तर आणखी काटेकोर. ठोकळ्यामागे अर्धा मिलिमीटर चुकला, तरी दहा ठोकळ्यांच्या खांबात ५ मिलिमीटर चुकतात. वरचा आडवा ठोकळा डगमगतो आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.

लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने. पावसाळ्यात लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. कडांची धार १२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती मोडायची. कडा गोल केल्या की ठोकळा नीट बसत नाही. पॉलिश अजिबात नाही. संखेड्याच्या लाकूडकामावरची चकचकीत लाख पाळण्याला शोभते, इथे ठोकळ्यावरून ठोकळा घसरेल.

(आतली खोली. बालवाडी. बुटकी मांडणी.)

पाच मुलांना दीडशेएक ठोकळे. कमी पडले की खेळ थांबतो आणि भांडण सुरू होतं. मांडणीपासून दोन फुटांवर जमिनीवर चिकटपट्टी आहे. बांधकाम तिच्या पलीकडे. नाहीतर ठोकळे घ्यायला आलेल्याचा पाय दुसऱ्याच्या घरात.

चार वर्षांची ही मुलगी पूल बांधतेय. दोन खांब उभे, वर आडवा ठोकळा. पडला. दोन खांबांत अंतर जास्त आहे. पुन्हा तोच ठोकळा, या वेळी हळू. पडला. आता दाबून. खांबही गेला.

कोपऱ्यात ताई बसल्यात. "खांब जवळ घे" एवढं म्हटलं की काम झालं असतं. त्या वहीत लिहितायत: तीनदा तोच ठोकळा.

मुलगी उठली. मांडणीवर प्रत्येक मापाची जागा खडूने आखलेली आहे. बघतेय. २८चा उचलला. घेऊन आली.

(पूल. थांबा. निवेदन नाही.)

अर्धा, पाव, दुप्पट हे शब्द पुढे शाळेत येतील. हाताला ते आजच कळलेत.

भिंतीवरचे ते झुपकेदार मिशांचे गिजुभाई बधेका, गुजरातची 'मूछाळी मा'. भावनगरला त्यांनी १९२०मध्ये बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या; पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. वडोदऱ्याच्या मराठी घरांना ही दोन्ही नावं आपलीच. तरी तीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वहीच हवी, हा हट्ट सुटत नाही.

खेळाला सलग पाऊण तास ठेवलाय. त्यातली पहिली पंधरा मिनिटं नुसती इकडून तिकडे ठोकळे नेण्यात जातात. वीस मिनिटांची तासिका असती, तर पूल सुरूच झाला नसता.

सव्वाअकरा. बाकीचे ठोकळे मांडणीवर परत. पुलाभोवती ताईंनी खडूने गोल काढलाय. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय: उद्यापर्यंत इथे केरसुणी नको.