तार कुठं तुटली?

मंडळी, समोर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतले बरेच जण दिसतात, म्हणून माझं पियानो-दुरुस्तीचं बोलणं बिडापासून, म्हणजे ओतीव लोखंडापासूनच सुरू करतो. पियानोच्या पोटात बिडाची ओतीव चौकट असते. तारा साधारण २३०, एकेकीला ७०-८० किलोचा ओढा, म्हणजे सगळा मिळून १६-१८ टनांचा भार. दाब सोसायला बीड किती खमकं, हे मी तुम्हाला सांगायला नको. असल्या ताणातली तार सुटली की चाबकासारखी येते. डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

फोन येतो तो असा : ‘तार तुटली, मिरजेहून सतारीची आणून घालू काय?’ मिरजेच्या मालाला नाव ठेवायची माझी प्राज्ञा नाही. खरं सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार ०.३ मिलिमीटरच्या आसपास, आणि पियानोची सगळ्यात बारीक तार पाऊण मिलिमीटरच्या वर. कसं जमायचं? मी उलट विचारतो, तुटली कुठं? जिच्याभोवती तार गुंडाळतात त्या खुंटीच्या वेढ्याशी, तार टेकते त्या घोडीवर, का तार अडकवतात त्या मागच्या खिळीशी?

आपल्याकडं बहुतेक वेळा वेढ्याशी. तिथं तार खुंटीच्या भोकात काटकोनात मोडलेली असते. त्यात बेळगावचा पाऊस. चार महिने लाकूड फुगतं, सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. दमटपणानं तार जिथं टेकते तिथं गंजून चिकटते. मग चावी लावून खुंटी पिळली की पुढची तार सरकतच नाही, सगळा ताण वेढ्यावर येतो आणि कट्! म्हणून जुन्या पियानोची तार आधी केसभर उतरवायची, चिकटलेली जागा सुटू द्यायची, मग चढवायची.

माझी एक चूक सांगतो. नवशिका होतो. कॅम्पातल्या एका पियानोची खर्जाची तार तुटली, मी तुकडे भंगारात टाकून मोकळा झालो. खर्जाची तार म्हणजे पोलादावर तांब्याचा वेढा. आतली किती जाड, तांबं किती जाड, वेढा कुठं सुरू होतो नि कुठं संपतो, सगळं त्या तुकड्यांत होतं. अंदाजानं करून घेतलेली तार शेजारणींच्या आवाजात कधी मिसळलीच नाही. तो सूर आला की मी खिडकीबाहेर बघायचा.

आता तुकडे तर जपतोच, पण आधी गाठ जमते का पाहतो. वडगाव-शहापुरात मागावर धागा तुटला तर विणकर अख्खं सूत फेकून देतो काय? तसंच. तार खुंटीजवळ तुटली असेल तर तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांचे फास एकमेकांत अडकवायचे, ताण देईल तसे ते आवळत जातात. गाठ मात्र वाजणाऱ्या भागात येता कामा नये. खुंटी आणि पहिली टेकण यांच्यामध्येच राहिली पाहिजे. मूळ तार राहते, मूळ आवाज राहतो. तांब्याच्या वेढ्यातच तुटली तर गाठीचा विचार सोडा.

वरच्या पट्टीत बऱ्याच पियानोंत एकच तार मागच्या खिळीला वळसा घालून दोन खुंट्यांवर जाते. एक तुटली की दोन गेल्या. गंज खरवडून मायक्रोमीटरनं जाडी मोजायची. तारेच्या जाडीच्या नंबरानंबरात फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचाच असतो. जुने वेढे काढताना खुंटी साधारण एक फेरा उलटी घ्यायची, म्हणजे नवे तीन वेढे बसल्यावर ती पुन्हा जुन्याच खोलीवर येते. वेढे एकमेकांना चिकटून हवेत.

एवढं करूनही नवी तार ताणत राहते. आज लावलेला सूर उद्या सकाळी उतरलेला. तिथं तीन तारा एकाच सुराच्या असतात, म्हणून नवीच्या बाजूला नमद्याची पाचर खोचून तिला गप्प करतो, बाकी जुन्या तारा काम भागवतात. परवा एका शाळेत अशी पाचर लावून आलोय. बाईंना म्हटलं, काढू नका, पोरांनाही काढू देऊ नका. पंधरा दिवसांनी मीच येतो.